कोई माशांचे तळे आणि पाण्यातील क्षारांचा हिशेब

बंगल्याच्या अंगणात, हॉटेलच्या दारात किंवा फार्महाऊसच्या बागेत छोटेसे तळे बांधून त्यात रंगीत जपानी कोई मासे सोडण्याची हौस आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. कोकणात आखाती देशांतून परतलेल्या मंडळींच्या घरांपुढेही अशी तळी दिसतात. या हौसेवर अनेक हातांना काम मिळते. तळे बांधणारा गवंडी, नळजोडणी करणारा प्लंबर, मोटार बसविणारा वायरमन, दगड-फरशीचा कारागीर आणि शेवटी मासे पुरविणारा दुकानदार, अशी ही साखळी आहे. तिच्यात आपल्या समाजातील बांधव मोठ्या संख्येने आहेत.

या धंद्यात एक तक्रार मात्र पुन्हा पुन्हा ऐकू येते. मासे सोडले, पहिले पंधरा दिवस ते छान फिरले, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एके दिवशी सकाळी चार-पाच मासे उलटे तरंगताना सापडले. ग्राहक म्हणतो, "तुम्ही रोगी माल दिलात." दुकानदार म्हणतो, "तुमचे पाणीच खराब आहे." गवंड्याला फोन जातो, तो म्हणतो, "माझे काम पाणी गळू न देण्याचे." पैसे अडकतात, संबंध बिघडतात. अशा वेळी दोष बहुधा पाण्यातील क्षारांकडे निघतो. हा दोष पाच मिनिटांत मोजता येतो आणि बऱ्याचदा स्वयंपाकघरातील सोड्याने दुरुस्तही होतो. म्हणून आज या विषयाची थोडी तपशीलवार माहिती घेऊ.

माशाला क्षार कशाला हवेत?

कोई हा मुळात कार्प जातीचा मासा. जपानच्या निइगाता प्रांतातील डोंगराळ खेड्यांतील शेतकरी खाण्यासाठी भातशेतीच्या पाण्यात कार्प पाळीत असत. त्यांतून अधूनमधून निघणारे रंगीत मासे निवडून एकोणिसाव्या शतकात ही जात तयार झाली आणि १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात मांडली गेल्यावर जपानभर गाजली. म्हणजे हा मातीच्या तळ्यातला, चिवट मासा आहे. थंडी-ऊन दोन्ही सोसतो. पण पाण्याचा गुण अचानक पालटला तर तो टिकत नाही.

गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार कितीतरी जास्त असतात. त्यामुळे कल्ल्यांतून आणि कातडीतून पाणी सतत आत शिरत असते, आणि अंगातले क्षार बाहेर झिरपत असतात. मासा हे आत आलेले पाणी मूत्रावाटे रात्रंदिवस बाहेर टाकतो व गमावलेले क्षार कल्ल्यांनी पाण्यातून पुन्हा ओढून घेतो. पाण्यात कॅल्शियम पुरेसे असेल तर कल्ल्यांचा पडदा घट्ट राहतो आणि ही गळती कमी होते. पाणी अगदी निःसत्त्व असेल, उदाहरणार्थ आर. ओ. यंत्राचे, तर माशाची सारी ताकद गळती भरून काढण्यातच जाते. मग रोगाशी लढायला त्याच्याकडे काही उरत नाही. माणसाला जे पाणी सर्वांत शुद्ध वाटते, ते माशासाठी सर्वांत कठीण असू शकते, हे ग्राहकाला पहिल्याच दिवशी समजावून सांगावे.

दोन वेगळी खाती

पाण्याचा जडपणा म्हटला की लोक एकच गोष्ट समजतात. प्रत्यक्षात ती दोन खाती आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत.

पहिले खाते कॅल्शियम व मॅग्नेशियमचे. याला एकूण जडपणा किंवा मासेवाल्यांच्या भाषेत जीएच म्हणतात. साबणाला फेस येत नाही, गीझरमध्ये पांढरे कीटण बसते, ते याच्यामुळे. दुसरे खाते बायकार्बोनेटचे. याला अल्कली क्षमता किंवा केएच म्हणतात. पाण्यात तयार होणारे आम्ल शोषून घेण्याचे काम हे दुसरे खाते करते.

व्यापाऱ्याला समजेल असे सांगायचे तर केएच हे दुकानाचे भांडवल आहे आणि पीएच ही दुकानाची दर्शनी पाटी. रोजचा खर्च भांडवलातून जात असतो. जोपर्यंत भांडवल आहे तोपर्यंत पाटी झळकत राहते, बाहेरून काही कळत नाही. भांडवल संपले की एका रात्रीत शटर खाली येते. पीएच साडेसातवर आहे म्हणून जो निश्चिंत राहतो, तो फक्त पाटी पाहत असतो. केएच मोजल्याशिवाय खरी परिस्थिती कळत नाही.

हा रोजचा खर्च कुठून येतो? मासा खातो, आणि त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी असतो. फिल्टरमध्ये वाढणारे उपयोगी जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. या कामात आम्ल तयार होते आणि ते केएच खाऊन टाकते. हिशेब असा की अमोनियातील एक ग्रॅम नायट्रोजन संपवायला सुमारे सात ग्रॅम अल्कली क्षमता खर्ची पडते.

एक उदाहरण घेऊ. दहा फूट लांब, सात फूट रुंद, पाच फूट खोल तळे म्हणजे ३५० घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटरहून थोडे अधिक पाणी मावते, म्हणजे हे तळे जवळजवळ १० हजार लिटरचे झाले. त्यात रोज १०० ग्रॅम खाद्य पडते असे धरा. त्यातून अंदाजे ३ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन निघेल आणि त्यापायी सुमारे २१ ग्रॅम अल्कली क्षमता रोज खर्च होईल. दहा हजार लिटरवर विभागले तर रोज लिटरमागे २ मिलिग्रॅमहून किंचित जास्त. आता भरलेले पाणी मुळात हलके असेल, समजा लिटरमागे ५० मिलिग्रॅम केएच, आणि पाणी बदललेच नाही, तर फिल्टर चालू झाल्यापासून चोवीस-पंचवीस दिवसांत भांडवल शून्य! तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मासे का मरतात, याचे एक मोठे उत्तर या बेरीज-वजाबाकीत आहे. (तळे अगदी नवे असेल तर आणखी एक कारण असते. फिल्टरमधील जिवाणू पुरते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर अमोनिया साचतो. म्हणून नव्या तळ्यात पहिल्या महिन्यात मोजके मासे आणि चिमूटभर खाद्य एवढेच ठेवावे, ग्राहकाला कितीही घाई असली तरी.)

कोईसाठी साधारण मर्यादा अशा धराव्यात : केएच लिटरमागे १०० ते २०० मिलिग्रॅम, जीएच १०० ते २५० मिलिग्रॅम, पीएच सात ते साडेआठ. थेंब टाकून तपासायच्या बाटल्यांवर बहुतेक वेळा 'डिग्री' हे माप असते. एक डिग्री म्हणजे सुमारे १८ मिलिग्रॅम. केएच सहा डिग्रीच्या खाली गेला की सोड्याचा डबा उघडायची वेळ झाली असे समजावे.

आपल्याकडचे पाणी

महाराष्ट्रात पाण्याचे गुण दर पन्नास कोसांवर बदलतात. मुंबईला पाणी येते ते तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून. हे सह्याद्रीच्या पायथ्याशी साठलेले पावसाचे पाणी, त्यात क्षार कमी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभा दगडातून झिरपलेले विहिरीचे पाणीही हलके आणि किंचित आंबट असते. शिवाय तिथल्या काही बोअरमधून लोह येते. उपसताना पाणी नितळ दिसते, पण हवा लागली की तांबडे होते, आणि तो तांबडा गाळ माशाच्या कल्ल्यांत अडकतो. असे पाणी थेट तळ्यात सोडू नये. आधी टाकीत उंचावरून पाडावे, एक दिवस निवळू द्यावे आणि वरचे पाणी घ्यावे.

घाटावर गोष्ट उलटी. पुणे, सोलापूर, मराठवाडा या काळ्या पाषाणाच्या मुलखात बोअरचे पाणी जड असते, केएचही भरपूर. ग्राहक हे पाहून घाबरतो आणि आर. ओ.चे मोठे यंत्र घ्यायला निघतो. त्याला थांबवावे. कार्प मासा जड पाण्यात मजेत राहतो. शौकीन मंडळी सांगतात की जड पाण्यात माशाचा काळा रंग गडद होतो आणि कधीकधी लाल भागावर बारीक काळे ठिपके उमटतात. हा प्रदर्शनात मासा नेणाऱ्यांचा प्रश्न आहे. अंगणातल्या तळ्यासाठी त्यापायी हजारो रुपये खर्चू नयेत.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला समजतात आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे "आम्ही हेच पाणी पितो" या ग्राहकाच्या वाक्यातून पाण्याबद्दल काहीच कळत नाही.

दोन यंत्रांबद्दल इथेच सांगितले पाहिजे. नव्या बंगल्यांत आणि सोसायट्यांत पाणी मऊ करणारे सॉफ्टनर बसवितात. ते कॅल्शियम काढून घेते आणि त्याच्या जागी सोडियम देते. अशा पाण्यात जीएच जवळजवळ शून्य, पण केएच आणि टीडीएस जवळपास होते तेवढेच राहतात. तळ्याला पाणी द्यायचे असेल तर प्लंबर बांधवांनी सॉफ्टनरच्या आधीच्या पाइपातून वेगळी जोडणी काढावी. पाच फूट पाइपाचा खर्च आहे. दुसरे यंत्र म्हणजे आर. ओ.वाल्याकडचा टीडीएसचा पेन. तो पाण्यात बुडविला की आकडा दिसतो आणि लोक त्यालाच पाण्याचा निकाल समजतात. पेन फक्त एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यात मीठ किती, कॅल्शियम किती, बायकार्बोनेट किती, हे तो सांगू शकत नाही. पाचशे टीडीएसच्या पाण्यातही केएच संपलेला असू शकतो.

आखातात नोकरी केलेल्या वाचकांना हे लवकर पटेल. तिथे समुद्राचे पाणी गोडे करतात, पण तयार झालेले निःसत्त्व पाणी तसेच नळाला सोडीत नाहीत. ते पाइप कुरतडते. म्हणून त्यात चुनखडीचे क्षार पुन्हा मिसळतात. जे लोखंडाच्या पाइपाला सोसत नाही, ते माशाच्या कल्ल्याला कसे सोसेल?

सोडा, शिंपले आणि चुना

केएच वाढविण्याचा सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित उपाय म्हणजे खाण्याचा सोडा. हजार लिटर पाण्यात ३० ग्रॅम सोडा टाकला की केएच एक डिग्रीने वाढतो. वरच्या दहा हजार लिटरच्या तळ्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम वाढ हवी असेल तर सुमारे साडेआठशे ग्रॅम लागेल. एवढा सोडा एकदम ओतू नये. दोन-तीन दिवसांत विभागून, बादलीत विरघळवून, पंपाच्या प्रवाहात हळूहळू सोडावा. किराणा दुकानातून आणताना नाव नीट पाहावे. बेकिंग पावडर वेगळी, तिच्यात आम्ल मिसळलेले असते. धुण्याचा सोडा तर तळ्याजवळही ठेवू नये. त्याने पीएच झपाट्याने चढतो.

सोड्याने केएच वाढतो, जीएच वाढत नाही, कारण त्यात कॅल्शियम नाही. मुंबई-कोकणाच्या हलक्या पाण्याला दोन्ही लागते. त्यासाठी कॅल्शियम क्लोराइड वापरतात. बाजारात मिळणाऱ्या फ्लेक्सचे साडेसातशे ग्रॅम दहा हजार लिटरमध्ये जीएच सुमारे ५० मिलिग्रॅमने वाढवितात. विरघळताना ते पाणी तापविते, म्हणून भरल्या बादलीत थोडे थोडे टाकावे आणि थंड झाल्यावर सोडावे. सोडा आणि कॅल्शियम एकाच बादलीत कालवू नये. पांढरा साका होऊन दोन्ही वाया जाते.

किनारपट्टीच्या बांधवांना याहून सोपी वस्तू फुकट मिळते : कालव आणि तिसऱ्यांचे शिंपले. मांस व घाण काढून, उकळून, उन्हात वाळवून जाळीच्या पिशवीत भरावेत आणि फिल्टरमध्ये वाहत्या पाण्यात ठेवावेत. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पाणी आंबट होऊ लागले की तो जास्त विरघळतो, पाणी ठीक असले की थांबतो. म्हणजे त्याचा अतिरेक होत नाही. पण त्याचा वेग कमी, आणि अंगावर शेवाळी चढली की काम बंद. दर महिन्याला धुवावे. मासे दाटीने असतील तर शिंपल्यांवर विसंबू नये, सोडा द्यावाच लागतो.

चुन्याचे मात्र नाव काढू नये. मत्स्यशेतीत रिकाम्या तळ्याच्या मातीवर चुना मारतात, ते ऐकून काहीजण मासे असलेल्या तळ्यात चुन्याची निवळी ओततात. शेततळे एकरभर असते, अंगणातले तळे सत्तर चौरस फुटांचे. इथे मूठभर चुन्यानेही पीएच दहाच्या वर जाऊन कल्ले भाजू शकतात.

हेच नव्या सिमेंटचे. ताज्या सिमेंटमधून चुना आठवडेच्या आठवडे पाझरतो. तळे बांधून झाले, पाणी भरले आणि लगेच मासे सोडले, तर त्या माशांच्या मृत्यूची जबाबदारी गवंड्याकडे येते. त्याने ग्राहकाला आधीच सांगावे की तळे भरून चार-पाच दिवस ठेवायचे, रिकामे करायचे, घासायचे, पुन्हा भरायचे. पीएचची पट्टी सलग काही दिवस साडेआठच्या आत राहीपर्यंत हे करायचे. घाई असेल तर पिण्याच्या टाकीला चालणारा इपॉक्सीचा थर आतून देता येतो. सजावटीच्या दगडांत काळा पाषाण आणि ग्रॅनाइट पाण्यात काही सोडीत नाहीत. संगमरवर आणि चुनखडीचे दगड हळूहळू विरघळतात. कोकणात ते उपकारक, सोलापुरात अनावश्यक. दगड कोणता हे कळत नसेल तर त्यावर लिंबाचा रस पिळावा. फसफसला तर तो चुनखडीच्या जातीचा.

आंबलेल्या तळ्यातील सापळा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, कारण इथे चांगले अनुभवी लोकही मासे गमावतात.

केएच संपून पीएच सहाच्या आसपास उतरला की फिल्टरमधील जिवाणू काम जवळजवळ थांबवितात. अमोनिया साचू लागतो. पण आंबट पाण्यात तो अमोनियम या रूपात असतो, आणि ते माशाला फारसे मारक नसते. मासे सुस्त होतात, पर मिटून तळाशी बसतात, अंगावर चिकट साय धरते, तरी जिवंत असतात. ग्राहक घाबरून अर्धे पाणी काढतो आणि बोअरचे ताजे पाणी भरतो, किंवा किलोभर सोडा ओततो. पीएच तासाभरात आठच्या वर. आणि साचलेला अमोनियम विषारी अमोनियात बदलतो. २५ अंश तापमानाला पीएच सात असताना एकूण अमोनियापैकी हजारात सहा भाग विषारी रूपात असतात, पीएच आठला शेकडा पाच, नऊला शेकडा पस्तीस. उपाय म्हणून केलेल्या कामानेच मासे मरतात.

म्हणून आधी अमोनिया मोजावा. तो जास्त असेल तर खाद्य बंद, हवेचा पंप चालू, आणि रोज दहा-पंधरा टक्केच पाणी बदलावे. ताज्या पाण्याबरोबर केएच आपोआप थोडा चढतो आणि अमोनिया पातळ होत जातो. अमोनिया उतरल्यावरच सोडा हळूहळू वाढवावा. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन मारण्यासाठी हायपोचे खडे वापरावेत किंवा पाणी उघड्या टाकीत दिवसभर ठेवावे.

हीच गोष्ट बाहेरगावाहून आलेल्या मालाची. चेन्नईच्या कोलात्तूरहून किंवा कोलकात्याहून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून मासे येतात. चोवीस-तीस तासांच्या प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पाणी आंबट झालेले असते आणि अमोनियाही साचलेला असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो, अमोनिया जागा होतो. म्हणून पिशवी बंद ठेवूनच अर्धा तास टाकीवर तरंगत ठेवावी, तापमान जुळू द्यावे, मग उघडून मासे लगेच टाकीत घ्यावेत आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे. उघड्या पिशवीत तासभर थेंबथेंब पाणी मिसळत बसण्याची रीत लांबच्या प्रवासाच्या मालाला चालत नाही.

पाऊस आणि उन्हाळा

पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. पाच फूट खोल तळ्यावर एका दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस पडला तर एक फूट नवे पाणी आले आणि तेवढेच जुने वाहून गेले. भांडवलाचा सहावा हिस्सा एका दिवसात गेला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तशा दिवशी उघड्या तळ्यातील जवळजवळ निम्मे क्षार धुऊन जातात. गच्चीचे पाणीही तळ्यात उतरत असेल तर विचारूच नका. पन्हाळीचे तोंड तळ्यापासून दूर वळवावे, आणि जून ते सप्टेंबर केएच आठवड्यातून दोनदा मोजावा.

पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की तुरटी फिरविण्याची आपली जुनी सवय. पिण्याच्या हंड्याला ती ठीक. तळ्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम तुरटी गेली तर ती सुमारे २५ मिलिग्रॅम केएच खाऊन टाकते. आधीच पावसाने हलके झालेल्या पाण्यात ही शेवटची काडी ठरते. शेवाळ मारायला मोरचूद टाकणारेही भेटतात. हलक्या पाण्यात तांबे माशाला फार मारक असते. केएच ५० च्या खाली असेल तर मोरचुदाला हातच लावू नये. माझे तर मत असे की अंगणातल्या तळ्यात तो कधीच नको. सावली वाढवावी, खाद्य कमी करावे.

उन्हाळ्यात उलटे घडते. वाफ होऊन पाणी जाते, क्षार मागे राहतात. वरच्या तळ्यातून रोज सहा मिलिमीटर पाणी उडाले तर महिन्याला अकराशे-बाराशे लिटर होते. ते आठशे टीडीएसच्या बोअरने भरून काढले, तर दर महिन्याला जवळजवळ एक किलो क्षार तळ्यात वाढतो. फक्त कमी झालेले पाणी भरणे पुरेसे नाही. आठवड्याला दहा टक्के जुने पाणी काढून ते झाडांना द्यावे आणि मग भरावे.

मिठाबद्दल थोडक्यात. आजारी माशांसाठी हजार लिटरला एक ते तीन किलो मीठ देतात. नायट्राइट वाढले असता मिठातील क्लोराइड ते कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही, हा त्याचा खरा उपयोग. मीठ साधे खड्यांचे घ्यावे, मोकळे राहण्यासाठी रसायन मिसळलेले नको. मिठाने केएच किंवा जीएच वाढत नाही आणि ते उडूनही जात नाही. पाणी बदलल्यावरच कमी होते. फिल्टरमध्ये झिओलाइटचे खडे असतील तर मीठ टाकण्याआधी ते काढावेत. नाहीतर त्यांनी धरून ठेवलेला अमोनिया मिठामुळे सुटून पाण्यात येतो.

मासा कोणाच्या पदरी मेला?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल बाहेर काढला आणि विक्रेत्याला तो लपविल्याबद्दल खडसावले, हा प्रसंग आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. फिकहमध्ये खियार-ए-ऐबचा नियम आहे. विक्रेत्याच्या ताब्यात असतानाच मालात दोष असेल तर ग्राहकाला तो परत करण्याचा हक्क आहे. माशाच्या व्यवहारात अडचण एवढीच की दोष आधीचा की नंतरचा, हे मेलेला मासा पाहून सांगता येत नाही. त्यामुळे कधी ग्राहकावर अन्याय होतो, कधी दुकानदारावर.

उपाय कागदाचा आहे. मासे देण्याआधी ग्राहकाकडून तळ्याच्या पाण्याची बाटली मागवावी. सकाळी भरलेली एक आणि संध्याकाळी भरलेली एक. शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड शोषते, त्यामुळे केएच कमी असलेल्या तळ्यात सकाळ-संध्याकाळच्या पीएचमध्ये मोठी तफावत दिसते. ती एकच गोष्ट बरेच काही सांगून जाते. दुकानातल्या टाकीचे आणि ग्राहकाच्या तळ्याचे केएच, जीएच, पीएच व अमोनियाचे आकडे एकाच पावतीवर शेजारी-शेजारी लिहावेत, तारीख टाकावी, दोघांनी सही करावी. तळ्याचे पाणी बरोबर नसेल तर मासे देऊ नयेत. आठ दिवसांनी या म्हणावे. एका दिवसाची विक्री जाते, पण बदली मासे देण्याचा खर्च वाचतो. दुकानातही मासे आल्याबरोबर विकू नयेत. दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत आणि ग्राहकाचे पाणी फार वेगळे असेल तर शेवटचे काही दिवस ते त्या पाण्याकडे हळूहळू वळवावेत.

तळ्यासकट मासे विकण्याचे व्यवहारही होतात, विशेषतः फार्महाऊस विकताना. हनफी फिकहप्रमाणे मोठ्या पाण्यातला, पकडण्यासाठी शिकार करावी लागेल असा मासा विकता येत नाही. लहान हौजातला, सहज हाती लागणारा मासा विकता येतो. म्हणून आधी जाळ्याने गोळा करून, मोजून, ग्राहकाला दाखवून मगच भाव ठरवावा. शंका असल्यास जवळच्या आलिमांना विचारावे.

हौजातील मासे आपल्याला नवे नाहीत. मुंबईच्या शेख मेमन स्ट्रीटवरील, १८०२ साली पूर्ण झालेल्या जामा मशिदीच्या पुरातन हौजात पूर्वापार मासे आहेत. तिथून चालत काही मिनिटांवर क्रॉफर्ड मार्केटमध्ये रंगीत माशांची दुकाने आहेत. थेंबांची केएच-जीएच तपासणी पेटी अशाच दुकानांत मिळते. पाच मिलिलिटर पाणी घ्यायचे, रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे, जितके थेंब तितक्या डिग्री. घेताना बाटलीवरील मुदतीची तारीख पाहावी, आणि घरी आणल्यावर ती उन्हात ठेवू नये. जुन्या द्रावणाचा रंग उशिरा बदलतो आणि केएच आहे त्यापेक्षा जास्त दिसतो.